वेशीपर्यंतची गाडी

विमान खाली यायला लागलं, समुद्राची निळाई संपली आणि मला तो षटकोन दिसला. गर्द झाडीच्या मधोमध पट्टीने आखल्यासारखा सहा बाजूंचा तलाव. मी ताईचा हात धरून तिला खिडकीकडे ओढलं. "ताई, ट्रॅजनचं बंदर! ते बघ, ते बघ!" तिनं चष्मा लावेपर्यंत विमानाचा पंख कलला आणि तळं दिसेनासं झालं. "तळं होतं का गं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "तळं नव्हे, रोमच्या जेवणाचं दार होतं ते."

शाळेत इतिहास शिकवताना हा षटकोन मी कितीतरी वेळा फळ्यावर काढला आहे. प्रत्येक बाजू साधारण ३५८ मीटर. रोमसारखं अवाढव्य शहर आपल्या आसपासच्या शेतांवर जगू शकत नव्हतं. त्याचा गहू इजिप्तहून आणि उत्तर आफ्रिकेतून जहाजानं यायचा. पण टायबर नदीच्या मुखाशी मोठ्या जहाजांना सुरक्षित थांबायला जागा नव्हती, म्हणून ती थेट नेपल्सच्या बाजूला पुतेओलीला रिकामी व्हायची. सम्राट क्लॉडियसनं इ.स. ४२ मध्ये नदीच्या मुखाजवळ बंदर खोदायला घेतलं. तिथल्या दीपगृहाच्या पायासाठी एक प्रचंड जहाज जाणूनबुजून बुडवलं होतं. इजिप्तमधला उंच दगडी स्तंभ सम्राट कॅलिगुलानं ज्या जहाजातून रोमला आणला, तेच ते जहाज. तो स्तंभ आज व्हॅटिकनच्या चौकात उभा आहे. पुढे सम्राट ट्रॅजननं आतल्या अंगाला हा षटकोनी धक्का बांधला. नंतर नदी गाळ आणत राहिली, समुद्र काही किलोमीटर मागे सरकला आणि बंदर जमिनीत अडकलं. फ्युमिचिनोचा विमानतळ त्याच्या अगदी शेजारी आहे. विमानतळ बांधताना क्लॉडियसच्या बंदरातली लाकडी जहाजं चिखलातून वर आली आणि त्यांच्यासाठी तिथेच एक संग्रहालय उभं राहिलं.

हे सगळं डोक्यात असल्यामुळे विमानतळावरून गावात कसं जायचं, हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या सोयीचा नव्हता.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिनं बत्तीस वर्षं रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून नोकरी केली. तिच्यापुढे गाड्यांच्या बाबतीत मी तोंड उघडत नाही. पुलासारख्या लांब मार्गिकेवरून आम्ही विमानतळाच्या स्टेशनात पोचलो, तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून फलकाकडे पाहिलं आणि एका मिनिटात सगळं वाचून काढलं. भाषा येत नसली तरी फलकाची मांडणी तिला येते.

इथून दोन प्रकारच्या गाड्या सुटतात. एक लिओनार्दो एक्सप्रेस. कुठेही न थांबता ३२ मिनिटांत रोमच्या मुख्य स्टेशनात, तेर्मिनीला. भाडं १४ युरो. दुसरी एफएल-१ नावाची साधी लोकल, तिकीट ८ युरो. ती वाटेत सगळीकडे थांबते आणि तेर्मिनीला जातच नाही. त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तुस्कोलाना, तिबुर्तिना असं करत शहराला बाहेरून वळसा घालून पुढे निघून जाते. बहुतेक प्रवासी एक्सप्रेस पकडतात आणि ज्यांचं राहणं तेर्मिनीजवळ आहे त्यांनी तीच पकडावी. आमची खोली तेस्ताच्चो भागात होती, त्यामुळे ओस्तिएन्से जवळ पडणार होतं. पण खरं सांगते, खोली दुसरीकडे असती तरी मी लोकलच धरली असती.

कारण जुन्या गावात वेशीतून शिरावं असं मला वाटतं. एखाद्या घरात आपण पहिल्यांदा जातो तेव्हा अंगण ओलांडून, उंबरठ्याशी क्षणभर थांबून आत जातो. थेट माजघरात उतरत नाही. तेर्मिनी हे रोमचं माजघर आहे. तटबंदीच्या आत, मोठ्या धावपळीत. आणि ही लोकल, कुणी मुद्दाम ठरवलेलं नसलं तरी, प्रवाशाला तटबंदीच्या बाहेर, वेशीच्या समोर आणून सोडते. नकाशावर तिची वरची चार नावं एकेक करून शोधा. एकही स्टेशन जुन्या तटाच्या आत नाही.

तिकीट यंत्रातून निघालं ते ताईनं उलटंपालटं करून बघितलं. त्यावर गाडीची वेळ नव्हती, आसन नव्हतं. "हे उघडं तिकीट आहे," ती म्हणाली, "म्हणजे कुठेतरी शिक्का लागतच असणार." आणि फलाटाच्या तोंडाशी खांबावर बसवलेली ती छोटी पेटी तिनंच शोधली. कागदी तिकीट त्या फटीत सरकवायचं. कर्रर्र आवाज होतो आणि तारीख-वेळ उमटते. हे केलं नाही तर खिशात तिकीट असूनही दंड होतो. नव्या माणसाला हा नियम जाचक वाटेल. ताईला मात्र तो लगेच पटला. एकच तिकीट दहा वेळा वापरलं जाऊ नये यासाठी एवढी सोपी युक्ती, असं ती कौतुकानं म्हणाली.

गाडी दुमजली होती. वरून जास्त दिसलं असतं, पण ताईचे गुडघे बघून आम्ही खालीच बसलो. दारं बंद झाली, गाडी हलली, आणि दोन मिनिटांत ताई म्हणाली, "डावीकडून चाललीय." मला कळेना. तिनं बोट दाखवलं. शेजारच्या रस्त्यावर मोटारी उजव्या बाजूनं जात होत्या आणि आमची गाडी दोन रुळांपैकी डाव्या रुळावर होती. इटलीत रस्त्यावरची वाहतूक उजवीकडून असली तरी रेल्वे डावीकडूनच चालते. मी तिथे किती वर्षांच्या तयारीनं गेले होते, पण ही गोष्ट मला ताईशिवाय दिसली नसती.

पहिली स्टेशनं साधी आहेत. पार्को लिओनार्दो, फिएरा दी रोमा. नव्या इमारती, वाहनतळ, प्रदर्शनाचे हॉल. विमानातले बरेच लोक इथे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. पण पोन्ते गालेरिया आलं की लक्ष द्यायला हवं. इथून पुढे आपण ज्या मार्गावरून जातो तो १८५९ साली सुरू झालेल्या रोम ते चिव्हितावेक्किया या लोहमार्गाचा भाग आहे. तेव्हा इटली नावाचं एकसंध राज्य झालेलं नव्हतं. रोमवर पोपची सत्ता होती आणि चिव्हितावेक्किया हे पोपच्या राज्याचं बंदर होतं. आधीच्या पोपनं, सोळाव्या ग्रेगरीनं, आपल्या राज्यात रेल्वे येऊच दिली नव्हती. १८४६ मध्ये तो गेल्यावर नववा पायस आला आणि त्यानं रूळ टाकायला परवानगी दिली. १८५६ मध्ये रोमची पहिली गाडी फ्रास्कातीकडे धावली, आणि तीन वर्षांनी ही समुद्राकडची.

आणि या रुळांच्याही खाली जुनी गोष्ट आहे. टायबरच्या याच उजव्या तीरानं, मुखाजवळच्या मिठागरांकडे जाणारी वाट रोमन साम्राज्याच्याही आधीपासून होती. मीठ इथून शहरात जायचं. पुढे बंदर झाल्यावर गहू जायला लागला. समुद्रावरच्या जहाजांतून तो चपट्या तळाच्या पडावांत उतरवायचे आणि ते पडाव बैलांच्या जोड्या काठावरून दोरानं ओढत न्यायच्या. प्रवाहाच्या विरुद्ध, वळणावळणाच्या नदीतून. समुद्र ते रोम या वाटेला जवळपास तीन दिवस लागायचे.

मी हे सांगत होते तेव्हा ताई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर वेळूची बेटं, छत्रीसारखे पाइन वृक्ष, मालाची गोदामं, भाजीचे वाफे. नदी अधूनमधून नुसती जाणवते, झाडांच्या रांगेवरून. "तीन दिवस," ती म्हणाली, "आणि बैलांना वैरण?" या प्रश्नाचं उत्तर मी कधी शोधलं नव्हतं. इतकी वर्षं गव्हाचे आकडे सांगत आले आणि बैल काय खात होते हे एकाही मुलानं मला विचारलं नव्हतं. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

मुरातेल्ला, माल्याना, व्हिला बोनेल्ली. आता गाडी भरत गेली. दप्तरं घेतलेली मुलं, कामावर निघालेल्या बायका, सायकल घेऊन चढलेला एक तरुण. विमानतळाची गाडी म्हणून आपण चढतो खरं, पण माल्यानानंतर ती त्यांची रोजची लोकल होते. एका आजीबाईंनी ताईला खुणेनं विचारलं, पिशवी मांडीवर घेऊ का. ताईनं हसून पिशवी सरकवली आणि त्या शेजारी बसल्या. गणवेशातली बाई आली, तिकिटं बघितली, पुढच्या स्टेशनावर तिनंच खाली उतरून फलाट बघितला, शिट्टी दिली आणि दारं लावली. तिकडे त्यांना कापोत्रेनो म्हणतात. गार्डही तीच आणि टीसीही तीच. ताई तिच्याकडे बराच वेळ बघत होती. उतरताना तिनं त्या बाईला नमस्कार केला, आणि का कोण जाणे, त्या बाईनंही दोन्ही हात जोडले.

त्रास्तेव्हेरेनंतर गाडी टायबर ओलांडते. फार वेळ लागत नाही. मातकट हिरवं पाणी, दोन्ही बाजूंना झाडी, आणि लगेच ओस्तिएन्से. षटकोनापासून इथपर्यंत अर्धा तास.

ओस्तिएन्से स्टेशनात बहुतेक जण फलाटावरून खाली उतरून भुयारातून मेट्रोकडे पळतात. तुम्ही मुख्य हॉलमधून बाहेर पडा. तो हॉल पांढऱ्या दगडाचा, उंच, थंड आणि काहीसा रिकामा आहे. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांची चित्रं, रोमच्या दंतकथांची. इतक्या दिमाखदार हॉलमध्ये एवढी कमी माणसं का, असं वाटतं. कारण हे स्टेशन प्रवाशांसाठी बांधायला घेतलेलंच नव्हतं. मे १९३८ मध्ये हिटलर रोमला आला. त्याच्या स्वागतासाठी मुसोलिनीच्या सरकारनं इथे घाईनं देखावा उभा केला आणि मग १९४० मध्ये पक्की इमारत पुरी झाली. पाहुण्यानं उतरल्याबरोबर तटबंदी, पिरॅमिड आणि पुढे प्राचीन रोम बघत जावं अशी योजना होती. स्टेशनापासून वेशीकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याला त्याचंच नाव दिलं होतं.

आज त्या रस्त्याचं नाव व्हियाले देल्ले काव्हे आर्देआतिने आहे. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन सैन्यानं आर्देआतिने इथल्या खाणींत ३३५ माणसांना गोळ्या घातल्या. आदल्या दिवशी शहरात त्यांच्या पोलीस तुकडीवर झालेल्या हल्ल्याचा तो सूड होता. युद्ध संपल्यावर ज्याचं नाव रस्त्याला होतं त्याचं पुसलं आणि त्याच्या माणसांनी ज्यांना मारलं त्यांची आठवण तिथे लिहिली. स्टेशनासमोरचा चौकही आता पार्तिजानींचा, म्हणजे फॅसिस्टांशी लढलेल्या बंडखोरांचा आहे. मी ताईला हे सांगत असताना आमच्या पिशव्यांची चाकं त्या रस्त्याच्या फरशीवर खडखडत होती. ती थांबली. पाटीवरचं नाव तिनं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं. मग आम्ही पुढे निघालो.

आणि समोर वेस आली.

तिचं आजचं नाव पोर्ता सान पाओलो, मूळ नाव पोर्ता ओस्तिएन्सिस. ओस्तियाकडे, म्हणजे टायबरच्या मुखाशी असलेल्या जुन्या गावाकडे जाणारा रस्ता इथून बाहेर पडायचा. दोन गोल बुरूज, मध्ये कमानी, विटांचा रंग भाजलेल्या भाकरीसारखा. सम्राट ऑरेलियननं इ.स. २७१ मध्ये रोमभोवती सुमारे १९ किलोमीटरचा तट बांधायला घेतला. त्याच्याआधी कित्येक शतकं रोमला नवा तट बांधावासा वाटला नव्हता, कारण शत्रू इटलीच्या आत येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तट बांधावा लागला याचा अर्थ भीती उंबऱ्यापर्यंत आली होती. ५४९ मध्ये गॉथांचा राजा तोतिला याच वेशीतून आत शिरला. दार फोडून नाही, पहारेकऱ्यांच्या फितुरीमुळे. आणि १० सप्टेंबर १९४३ ला, इटलीनं शरणागती जाहीर केल्यानंतर दोन दिवसांनी, जर्मन सैन्य शहरात घुसू लागलं तेव्हा सैनिक आणि साधी माणसं इथेच उभी राहून लढली. सैन्याच्या वरिष्ठांकडून स्पष्ट हुकूम नव्हता. तरी लढली. तटाच्या भिंतीवर त्यांच्या स्मरणाचे शिलालेख आहेत आणि खाली हार ठेवलेले असतात. आम्ही गेलो त्या दिवशी एक हार अगदी ताजा होता.

वेशीला लागूनच पिरॅमिड आहे. रोममध्ये पिरॅमिड कसला, असं ताईनंही विचारलं. गायस सेस्टियस नावाच्या एका अधिकाऱ्याची ही कबर, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेली. रोमनं नुकताच इजिप्त जिंकला होता आणि तिथल्या गोष्टींचं वेड लागलं होतं. उंची जवळपास ३६ मीटर, अंगावर पांढरा संगमरवर. मृत्युपत्रातल्या अटीप्रमाणे काम ३३० दिवसांत पुरं केलं, असं त्यावर कोरलेलं आहे. तीनशे वर्षांनी ऑरेलियनच्या माणसांनी ती पाडली नाही, तटाच्याच ओळीत घेतली. म्हणून ती टिकली. मृत्युपत्रानं जे साधलं नसतं ते एका घाईच्या बांधकामानं साधलं.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आता सांगते. फ्युमिचिनो विमानतळावरून रोमला येणाऱ्या टॅक्सीचं भाडं महापालिकेनं ठरवून दिलेलं आहे, आणि हे ठरावीक भाडं लागू होतं ते ऑरेलियनच्या तटाच्या आतल्या कुठल्याही ठिकाणासाठी. दरपत्रकात तसं लिहिलेलं असतं. साडेसतरा शतकांपूर्वी आखलेली रेघ आजही टॅक्सीवाल्याला बांधील आहे! ओस्तिएन्से स्टेशन त्या रेघेच्या बाहेर पडतं, पिरॅमिड रेघेवर, आणि आमची खोली आत. कुठलाही तट त्याचं काम संपल्यावरही इतका जिवंत असल्याचं मी पाहिलेलं नाही.

वेशीच्या दोन्ही बाजूंचा तट आता तुटलेला आहे, त्यामुळे बसगाड्या आणि ट्राम वेशीला वळसा घालून जातात आणि ती मधे बेटासारखी उभी असते. रस्ता ओलांडायला आम्हाला वेळ लागला. ताईनं माझा दंड धरला होता. तट मागे पडला, तेव्हा तिनं चप्पल नीट केली आणि म्हणाली, "आता आलो गावात."

तेस्ताच्चोमधल्या खोलीच्या गच्चीवरून एक गवताळ टेकडी दिसत होती. मोन्ते तेस्ताच्चो. ती माती नाही, खापरं आहेत. स्पेनहून आणि आफ्रिकेतून याच नदीवाटेनं आलेल्या तेलाच्या मोठ्या मातीच्या कुंभांची. तेल मुरलेला कुंभ पुन्हा वापरता येत नसे, म्हणून ते फोडून रचत गेले, वास मरावा म्हणून वर चुना टाकत गेले, आणि सुमारे ३५ मीटरची टेकडी झाली. ताई रात्री बराच वेळ तिच्याकडे बघत बसली होती.

परतताना आम्ही लिओनार्दो एक्सप्रेसनं गेलो, कारण सकाळचं विमान होतं आणि ताईला तिची पारख करायची होती. तेर्मिनीत तिचे फलाट एका टोकाला आहेत, २३ आणि २४, चालणं बरंच पडतं. गाडी उत्तम. सुटल्यावर लगेच खिडकीशी घुमट कोसळलेली एक दहा बाजूंची विटांची इमारत येते, रुळांना अगदी चिकटून. तिला मिनर्व्हा मेडिकाचं मंदिर म्हणतात. खरं तर ते चौथ्या शतकातलं एका बागेतलं दालन होतं. एवढं एक दृश्य सोडलं तर ती ३२ मिनिटं कशी गेली ते आठवत नाही. लोकलचं मात्र प्रत्येक स्टेशन आठवतं.

पण त्याआधीची एक सकाळ. पोर्ता सान पाओलोच्या आत एक लहानसं संग्रहालय आहे, ओस्तियाच्या रस्त्याचं. अरुंद जिना, वर बुरुजातली खोली, आणि तिथे ओस्तिया आणि दोन्ही बंदरांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. गुडघे धरत ताई जिना चढली. चष्मा पुसला, वाकली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं तो षटकोन ओळखला. "विमानातून तू दाखवत होतीस ते हे." मग बोट काचेपासून जरा वर धरून ती नदीच्या वळणांवरून सरकत राहिली. प्रतिकृती संपली तरी तिचं बोट थांबलं नाही. टेबलाच्या कडेवरून, हवेतून, आम्ही उभ्या होतो त्या जागेपर्यंत आलं.

"आणि इथे उतरलो," ती म्हणाली.